‘बिनाइन’ म्हणजे काय हो?

माझ्याकडे इंग्रजी कागद घेऊन येणाऱ्या बायकांची एक सवय मला आता पाठ झाली आहे. पिशवीतून कागद निघतो, घडी उलगडते, एका शब्दावर बोट ठेवलं जातं आणि पहिला प्रश्न येतो, ‘बाई, हे म्हणायचं कसं?’ ‘म्हणजे काय?’ हा प्रश्न नंतर. कधी कधी तर तो येतच नाही. उच्चार कळला की कागदाची पुन्हा घडी होते, कागद पिशवीत जातो आणि बाई चहाला नको-नको म्हणत उठतात. चारचौघांत आता तो शब्द अडखळता म्हणता येणार, एवढ्यावरच समाधान!

मी रत्नागिरीत मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. निवृत्त झाल्यावर शिकवण्या घ्यायच्या नाहीत असं ठरवलं होतं, पण कागदांनी काही मला सोडलं नाही. दवाखान्याचे रिपोर्ट, बँकेची पत्रं, बचत गटाच्या कर्जाचे फॉर्म, मुंबईच्या दिरांनी पाठवलेले वकिलाचे मसुदे... आळीतल्या वहिनी येतात, त्यांच्या ओळखीच्या येतात, भाट्यापलीकडून कोणाची जाऊ येते. अडलेले शब्द मी एका वहीत उतरवून ठेवते. ती वही चाळताना एक गोष्ट मला फार टोचते. ज्या शब्दांच्या उच्चाराची या बायकांना लाज वाटत होती, त्यातल्या कितीतरी शब्दांच्या अर्थावर त्यांचं शरीर, त्यांचे पैसे, त्यांची जमीन अवलंबून होती. लाजेपोटी अर्थ विचारायचाच राहून गेला होता.

ही लाज आली कुठून, सांगा बघू? आमच्या पिढीला इंग्रजी भेटली पाचवीत. राज्यात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. आणि आम्हाला ती भेटली फळ्यावर, कानावर नाही. घरात, बाजारात, एसटीत इंग्रजी बोलणारं कोण होतं? जो शब्द डोळ्यांनी शिकला, तो तोंडातून अक्षरांबरहुकूमच बाहेर पडणार. मराठी वाचायची सवय तशीच, जसं लिहिलं तसं म्हटलं. यात अडाणीपणा कसला? उलट ज्या बाईने ‘वेडनेसडे’ म्हटलं, तिला त्या शब्दाचं स्पेलिंग बिनचूक येतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं!

पण मुलं इंग्रजी शाळेत गेली आणि घरातच परीक्षक तयार झाले. ‘आई, वेन्झडे म्हण गं, प्लीज, माझ्या मैत्रिणींसमोर तरी!’ २०१२ साली गौरी शिंदे यांचा ‘इंग्लिश विंग्लिश’ आला, तेव्हा श्रीदेवीची ती लाडू करणारी शशी बघून डोळ्यांना पदर लावलेल्या कितीतरी जणी मला माहीत आहेत. कारण हसणारे परके नव्हते, घरचेच होते. आणि गंमत अशी, की दुसऱ्याचं ‘प्रोनाउन्सिएशन’ सुधारायला निघालेल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं, की त्या शब्दाचाच उच्चार ‘प्रनन्सिएशन’ आहे.

खुद्द इंग्रजांचा कारभार तरी कुठे सरळ आहे? कर्ज या अर्थाचा ‘डेट’ शब्द घ्या. स्पेलिंगमध्ये मध्येच ‘बी’ घुसलेला. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हताच. पुढे पंडितांना वाटलं, लॅटिनमध्ये मूळ शब्द ‘डेबिटम’ आहे, तर ते मूळ दिसायला हवं. बसवला ‘बी’! लोकांनी काही तो उच्चारला नाही. पावती म्हणजे ‘रिसीट’, त्यातल्या ‘पी’ची हीच कहाणी. म्हणजे बँकेच्या कागदावर जी मुकी अक्षरं बघून आपण बिचकतो, ती काही जुन्या विद्वानांची हौस आहे. तिच्यापायी आपण का खाली मान घालायची?

शिवाय साहेबाने आपले शब्द कसे म्हटले, तेही बघा ना. जुन्या इंग्रजी कागदांत आपल्या रत्नागिरीचं स्पेलिंग ‘रटनाघेरी’ वाचावं असं सापडतं. कोणी त्याला हसल्याचं ऐकिवात नाही. मुंगसाला इंग्रजीत ‘मॉन्गूस’ म्हणतात, तो शब्द सरळ आपल्या मराठीतून गेलेला आहे. चक्क मराठीतून! फणसाला ‘जॅकफ्रूट’ म्हणतात म्हणून जॅक नावाचा कोणी साहेब शोधायला जाऊ नका. मल्याळममधलं ‘चक्का’ पोर्तुगीजांच्या तोंडी ‘जाका’ झालं आणि इंग्रजांच्या तोंडी ‘जॅक’. काथ्याचं ‘कॉयर’ही मल्याळममधलंच. आणि आपला हापूस? पोर्तुगीज ‘अफोन्सो’ नावाची आपल्या आजी-पणजींनी केलेली ही मोडतोड. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. इंग्रजीत तो ‘अल्फान्सो’, मराठीत ‘हापूस’. आंबा काही कमी गोड झाला नाही. साहेबाने आपला शब्द मोडला तर तो डिक्शनरीत गेला, आणि आपण त्याचा मोडला तर आपण गावंढळ, हा हिशेब मला तरी पटत नाही.

असो. उच्चार शिकू नये असं मी म्हणत नाही. जन्मभर तेच शिकवलं मी! पण तो दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिल्या नंबरचा प्रश्न मागे पडला की काय होतं, ते सांगते.

ओळखीच्या एका वहिनींच्या छातीत गाठ लागली. तुकडा तपासायला पाठवला, रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी हातात आला. डॉक्टर भेटणार सोमवारी. रिपोर्टमध्ये खाली एकच ओळ ठळक, आणि त्यात एक शब्द. त्यांनी तो ‘बेनिग्न’ असा वाचला. रिपोर्ट देणाऱ्या काउंटरवर विचारलं, तर तिथला मुलगा हसला, ‘बिनाइन हो काकू, बिनाइन!’ आणि पुढच्या माणसाचा नंबर पुकारला. उच्चार मिळाला, अर्थ नाही मिळाला. पुन्हा विचारायचा धीर होईना. शनिवारची रात्र आणि अख्खा रविवार त्या बाईने देवापुढे बसून काढला. सोमवारी सकाळी माझ्याकडे आल्या तेव्हा डोळे सुजलेले. मी कागद बघितला आणि म्हटलं, ‘अहो वहिनी, बिनाइन म्हणजे साधी गाठ. कॅन्सरची नाही.’ त्या रडायलाच लागल्या. दीड दिवस वाया गेल्याचा राग त्यांना आला की नाही ठाऊक नाही. मला मात्र आला.

तर हे दोन शब्द वहीत लिहून ठेवा. ‘बिनाइन’ यात ‘जी’ मुका असतो. अर्थ, मुळात सौम्य, निरुपद्रवी. ‘मॅलिग्नंट’ यात ‘जी’ बोलतो. अर्थ, घातक, पसरणारी, म्हणजे कॅन्सरची. बिनाइन असली तरी डॉक्टरांना दाखवायचं असतंच, पण रात्र रडून काढायची नसते.

रिपोर्टाची भाषाच मुळी उलटी. ‘निगेटिव्ह’ म्हणजे बहुतेक वेळा चांगली बातमी, जे शोधत होते ते सापडलं नाही. सोनोग्राफीत ‘अनरिमार्केबल’ असं लिहिलेलं असतं. एका मुलीला वाटलं आपलं काहीतरी बिनकामाचं आहे! अर्थ एवढाच, की सांगण्यासारखं वेगळं काही दिसलं नाही. ‘ग्रोसली नॉर्मल’ यातला ‘ग्रोसली’ वाचून जीव दडपतो, पण त्याचा अर्थ ‘ढोबळमानाने’, वरवर पाहता सगळं ठीक. आणि काही शेपट्या ओळखायला शिका, त्यांनी लांबलचक शब्द चटकन उकलतात. शेवटी ‘आयटिस’ आलं की सूज किंवा दाह, ‘स्कोपी’ आलं की नळी घालून आत बघणं, ‘ऑटमी’ आलं की कापून उघडणं. आणि ‘एक्टमी’ आलं की काढून टाकणं. हे शेवटचं तर घट्ट लक्षात ठेवा.

कारण त्यातच येते ‘हिस्टरेक्टमी’. आपण बायका त्याला ‘पिशवी काढली’ म्हणतो. किती साधा शब्द, जशी काही खुंटीवरची पिशवी काढली! ग्रीक भाषेत ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय. ‘हिस्टेरिया’ हा शब्दही त्यातूनच आला, कारण बाईने आरडाओरडा केला की दोष तिच्या गर्भाशयाचा, असं त्या काळच्या शहाण्यांना वाटायचं. (आजही काहींना वाटतं, ते सोडा.) पण कागदावर हिस्टरेक्टमीच्या पुढे अनेकदा आणखी एक अवघड शब्द असतो, ‘ओअफरेक्टमी’. त्याचा अर्थ अंडाशय काढणं. आणि त्याच्या आधी ‘बायलॅटरल’ असेल तर दोन्ही बाजूंची. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली, तर पाळीचं वय एका दिवसात संपतं. अंगातून वाफा, हाडं ठिसूळ होणं, सगळं लवकर सुरू होतं. कधी कधी ते करावं लागतं, डॉक्टरांना तसं कारणही असतं. पण माझ्याकडे आलेल्या एका बाईंना आपली अंडाशयं काढली आहेत हे ऑपरेशनला चार वर्षं झाल्यावर कळलं. जुनी फाइल विम्यासाठी लागली म्हणून काढली तेव्हा. त्यांनी सही केली होती, आणि शब्द वाचलाही होता. ‘म्हणता येईना म्हणून सोडून दिला,’ असं म्हणाल्या.

सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच एक गोष्ट गेली होती. दिल्लीतल्या चव्वेचाळीस वर्षांच्या एक बाई रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेल्या. दुर्बिणीतून तपासणी करायची म्हणून भूल दिली. त्या बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, अंडाशयं, नलिका सगळं काढून टाकलं. १६ जानेवारी २००८ रोजी न्यायालयाने निकाल दिला. सज्ञान बाई शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ शकत असताना आणि जिवाला तातडीचा धोका नसताना, आईची संमती तिची संमती ठरत नाही. तपासणीला दिलेली संमती म्हणजे ऑपरेशनला दिलेली संमती नव्हे. आणि संमती घेण्याआधी काय करणार, का करणार, दुसरा उपाय काय, धोका काय, हे रुग्णाला पुरेसं सांगायला हवं. भरपाई मिळाली ती पंचवीस हजार रुपये. रक्कम वाचून मला वाईट वाटलं, पण निकाल मोलाचा आहे. पुढे २०१९ मध्ये आपल्याच राज्यात बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची चौकशी करायला सरकारला समिती नेमावी लागली. तेव्हा ‘कन्सेंट’ या शब्दाचा उच्चार कसाही करा, पण सही करण्याआधी ‘काय काय काढणार, नेमकं सांगा, मराठीत सांगा’ एवढं विचाराच. प्रश्न विचारला म्हणून कोणी भलं डॉक्टर रागावत नाही.

आता बँकेत चला. जॉइंट खातं असलं की आपण निर्धास्त. पण खात्याच्या फॉर्मवर काय लिहिलं आहे ते बघितलंत? ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकतं, आणि एक गेलं तर मागे राहिलेलं. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर? ‘फॉर्मर’ म्हणजे ज्याचं नाव पहिलं तो. तो हयात असेपर्यंत व्यवहार फक्त त्याचा. आपलं नाव बहुतेक वेळा दुसरं, आणि नवरा हॉस्पिटलात बेशुद्ध असताना हे कळतं. एका शब्दाचा फरक! ‘नॉमिनी’ हा तर रोजचा शब्द, उच्चारही सगळ्यांना येतो. पण बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा, मालक नव्हे. मालकी वारसांची. शेअर्सच्या बाबतीतही डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. विम्यात २०१५ पासून नियम वेगळा आहे, तिथे नवरा-बायको, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. म्हणजे उच्चार येणारा शब्दसुद्धा अर्थाने परका असू शकतो.

बचत गटाच्या बायकांसाठी वहीत एक शब्द मी लाल शाईने लिहिला आहे, ‘जॉइंटली अँड सेव्हरली’. एकीने तो ‘सिव्हिअरली’ वाचला. ‘सिव्हिअरली’ म्हणजे कडकपणे, तो शब्द वेगळा. ‘सेव्हरली’ म्हणजे एकेकटीने. जामीन राहताना या दोन शब्दांखाली सही केली, की कर्ज बुडाल्यावर आपल्या वाट्याचेच नव्हे, तर सगळेच्या सगळे पैसे एकटीकडूनही वसूल करता येतात. दहा जणी मिळून जामीन आहोत म्हणजे दहावा हिस्सा आपला, असा आपला समज. कागद तसं म्हणत नाही. खरं सांगायचं तर चुकून वाचलेला ‘सिव्हिअरली’ मला जास्त खरा वाटला!

कोणी म्हणेल, मग हे सगळं मराठीत का लिहीत नाहीत? रत्नागिरीला हा वाद नवा नाही. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते, आणि भाषाशुद्धीची त्यांची चळवळ याच गावात फुलली. ‘दिनांक’, ‘महापौर’ हे शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात, आणि आज ते म्हणताना कोणी अडखळत नाही. काही शब्द रुळतात, काही रुळत नाहीत. पण कायद्याच्या मराठीत ‘सहदायाद’, ‘निष्पादन’, ‘कुलमुखत्यारपत्र’ वाचून किती जणींना अर्थ लागतो? शब्द मराठी झाला म्हणजे कळला असं थोडंच आहे? ‘सहदायाद’पेक्षा ‘वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून हिस्सा असलेली’ हे लांब आहे, पण ते विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईलाही कळेल.

हा ‘सहदायाद’ म्हणजेच इंग्रजीतला ‘कोपार्सनर’. माझ्या मते प्रत्येक लेकीने पाठ करावा असा इंग्रजी शब्द कुठला असेल तर हा. को-पार्सनर, ‘पार’वर जोर. ‘पार्सल’ शब्दाचा हा नातेवाईक, मूळ अर्थ वाटेकरी. आणि याची एक कहाणी आहे, ती मला फार आवडते. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात जमीन थोरल्या मुलाला जायची. मुलगा नसला आणि मुली असल्या, तर त्या सगळ्या बहिणी मिळून वारस व्हायच्या. त्या बहिणींना म्हणत कोपार्सनर! म्हणजे तिथे हा शब्द मुख्यतः लेकींचा. साहेब इकडे आला, आपल्या मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबाला त्याने तोच शब्द लावला, आणि इथे तो झाला फक्त मुलग्यांचा. शब्द समुद्र ओलांडताना बहिणींना तिकडेच सोडून आला.

त्या बहिणी शब्दात परत यायला किती वर्षं लागली? महाराष्ट्राने १९९४ साली कायदा बदलून अविवाहित मुलींना हा हक्क दिला. तोवर लग्न झालेल्या बाहेरच राहिल्या. मग देशभरासाठी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. मुलगी, लग्न झालेली असो वा नसो, मुलासारखीच जन्मतः कोपार्सनर. तरी वाद राहिलाच, की २००५ साली वडील हयात हवेत की नकोत. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हयात असण्याची अट नाही. हक्क जन्माचा आहे. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी झाली असेल तर ती उलटत नाही, आणि वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीचा प्रश्न वेगळा.

कोकणातलं चित्र तुम्हाला सांगायला नको. सातबाऱ्यावर नावांची रांग, आजोबा, चुलत आजोबा, मुंबईला गेलेले काका, त्यांची मुलं. गणपतीत सगळे जमतात. आरती होते, मोदक होतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पडवीत कागद बाहेर येतो. ‘ताई, इथे एक सही कर गो, बागेचं काम अडलंय.’ कागदाच्या डोक्यावर कधी ‘हक्कसोडपत्र’ असतं, कधी इंग्रजीत ‘रिलीज डीड’, कधी ‘रिलिंक्विशमेंट’. ‘रिलीज’ हा शब्द आपल्याला सिनेमामुळे ओळखीचा, सुटका वगैरे वाटतो. इथे सुटतो तो आपला हिस्सा. भावाला द्यायचा असेल तर जरूर द्यावा. माहेरचा उंबरा, भाऊबीज, आईचं म्हातारपण, यांची किंमत कायद्याच्या पुस्तकात नसते, हे मलाही कळतं. माझ्या ओळखीच्या दोघी बहिणींनी सगळं समजून, हसतमुखाने सही केली आणि त्यांचं माहेर आजही तसंच आहे. तिसरीने मात्र ‘बागेच्या पाणीयोजनेचा कागद’ समजून सही केली. इंग्रजी होता, भावजय इंग्रजी शाळेतली, तिच्यासमोर अडखळत कोण वाचणार? सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतला, तेव्हाही तिने विचारलं नाही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो. म्हणजे विचारायला आणखी एक जागा होती. पण तिथे रांग होती आणि सगळे घाईत होते.

यावर उपाय काय, असं मला नेहमी विचारतात. डिक्शनरी घरोघरी असते, आता मोबाइलवर शब्द टाकला की उच्चार ऐकूही येतो. ते करा. पण माझा भर दुसऱ्या गोष्टीवर आहे. कागद देणाऱ्याकडून अर्थ वसूल करा. समजावून सांगणं हे त्याचं काम आहे, उपकार नव्हेत. बँकांच्या ग्राहकांसाठीच्या छापील कागदांबाबत रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, की ते इंग्रजी, हिंदी आणि त्या भागातल्या भाषेत असावेत. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद द्यावा लागतो. व्याज किती, फी किती, सगळं मिळून वर्षाला किती टक्के पडतं, वसुलीची पद्धत काय, हे त्यात थोडक्यात असतं. तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा, त्यातला मजकूर समजावून सांगायला हवा आणि समजला अशी पोचही घ्यायला हवी. ‘समजलं’ या पोचेवर सही करताना खरंच समजलं नसेल तर सही करू नका, इतकं सोपं आहे. ‘मराठीतला द्या,’ असं म्हणून बघा. समोरचा जरा चमकतो, कपाटं उघडतो, दुसऱ्या टेबलावर विचारतो. आपण बसून राहायचं.

आणि विचारताना उच्चाराची काळजी नको. शब्दावर बोट ठेवायचं, ‘हा शब्द. याचा अर्थ माझ्यासाठी काय?’ म्हणायचं. ‘माझ्यासाठी’ हे महत्त्वाचं, नाहीतर समोरचा एका अवघड शब्दाला दुसरा अवघड शब्द देऊन मोकळा होतो. ‘हायपोथिकेशन म्हणजे तारण’ एवढं सांगून भागत नाही. हप्ते थकले तर माझी स्कूटर नेणार का, ते सांगा!

परवा नाचण्याहून एक आजी आल्या होत्या. मुलाने घराच्या दुरुस्तीला कर्ज काढलं, त्यासाठी आजींची फिक्स डिपॉझिटची पावती ठेवली. आता त्यांना पैसे हवे होते, तर बँकेतून परत पाठवलं. मला म्हणाल्या, ‘अगो, तो बँकेतला पोरगा म्हणतो, तुमच्या डिपॉझिटवर लाइन मारलीय!’ मी आधी पोट धरून हसले, त्याही हसल्या. मग पावती बघितली. शब्द होता ‘लीन’, काही जण ‘लीअन’ही म्हणतात. कर्ज फिटेपर्यंत त्या ठेवीवर बँकेचा हक्क, तोवर मोडता येत नाही. ‘किती राहिलंय कर्ज?’ मी विचारलं. ते काही आजींना माहीत नव्हतं. त्यांनी पावतीची घडी घातली आणि म्हणाल्या, ‘पोराला विचारते. आणि बँकेतसुद्धा जाते उद्या पुन्हा. लाइन मारलीय तर किती दिवस मारणार, विचारते.’